लपलेला एचआयव्ही मोजताना : रक्ताच्या ट्यूबपासून आकड्यापर्यंत

एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधं, नेमाने घेणाऱ्या माणसाच्या व्हायरल लोडच्या रिपोर्टवर वर्षानुवर्षं एकच शेरा येत राहतो : आढळला नाही. रक्तद्रवात दर मिलिलिटरला पन्नासपेक्षा कमी प्रती, म्हणजे नेहमीच्या चाचणीच्या नजरेखाली. तब्येतीच्या दृष्टीने हा रिपोर्ट उत्तमच आहे, आणि अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून लागणही होत नाही. पण औषधं थांबवली, की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परततो. तो बाहेरून आलेला नसतो. १९९७ साली तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवून दिलं, की उपचार चालू असतानाही निवांत पडलेल्या सीडी४ पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) डीएनएमध्ये एचआयव्हीची जनुकं शिवलेली राहतात. अशा शिवलेल्या प्रतीला प्रोव्हायरस म्हणतात. पेशी झोपलेली असते तोवर विषाणूही गप्प असतो, आणि औषधांना तो दिसत नाही.

हा गप्प विषाणू, म्हणजे एचआयव्हीचा "साठा", मोजायचं काम ज्यांच्याकडे नुकतंच आलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. पिपेट धरता येतं आणि पीसीआर माहीत आहे, एवढं मी गृहीत धरतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण ती कळायला मला स्वतःला बराच वेळ लागला. या कामात विषाणू मोजणं तुलनेनं सोपं असतं. किती पेशींमध्ये शोधलं, हे प्रामाणिकपणे मोजणं अवघड.

पायरी पहिली : नेमकं काय मोजायचं ते ठरवा

"साठा मोजायचा आहे" असं सांगत कुणी सॅम्पल घेऊन आलं, तर पहिला प्रश्न विचारा : कोणता साठा? एकाच रक्तातून चार पद्धतींनी चार आकडे निघतात, आणि त्यांच्यात शेकडो पटींचा फरक असतो.

एकूण डीएनए मोजणं सर्वांत सोपं. विषाणूच्या जनुकसंचातला एखादा छोटा, फारसा न बदलणारा तुकडा पीसीआरने वाढवायचा. हा तुकडा बहुधा एलटीआर हा टोकाचा भाग आणि गॅग हे जनुक यांच्या सांध्यावरचा घेतात. उपचारावर असलेल्या माणसात दहा लाख सीडी४ पेशींमागे शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत प्रती मिळतात. अडचण अशी, की यातला बहुतेक माल भंगार असतो. उलट्या प्रतिलेखनात मोठमोठे तुकडे गळून गेलेले असतात, किंवा पेशीतल्या ॲपोबेक प्रथिनांनी अक्षरं बदलून जागोजाग पूर्णविराम पेरलेले असतात. २०१३ मध्ये एका गटाने उत्तेजित करूनही न जागलेल्या २१३ प्रोव्हायरसांचा क्रम वाचला, तर त्यातले जेमतेम १२ टक्के अखंड निघाले. छोट्या तुकड्याच्या पीसीआरला अखंड आणि भंगार यांतला फरक कळत नाही.

दुसरं टोक म्हणजे वाढ चाचणी, प्रयोगशाळेच्या बोलीत क्यूव्हीओए. निवांत सीडी४ पेशी पायरीपायरीने पातळ करून वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत) पेरायच्या, त्यांना उत्तेजित करायचं, निरोगी दात्याच्या पेशी शेजारी द्यायच्या आणि दोन-तीन आठवड्यांनी कोणत्या वेलमध्ये विषाणूचं पी२४ प्रथिन दिसतं ते पाहायचं. इथे जो विषाणू मोजला जातो तो खरोखर वाढणारा असतो. उत्तर साधारण दहा लाख पेशींमागे एक, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पण रक्त खूप लागतं, मेहनत प्रचंड, आणि ज्या पेशी एका उत्तेजनाने जाग्या होत नाहीत त्या निसटतात. म्हणजे एकूण डीएनए साठा फुगवून सांगतो आणि वाढ चाचणी आवळून.

मधली वाट अखंड प्रोव्हायरसच्या चाचणीची, म्हणजे आयपीडीएची. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच डीएनए रेणूवर दोन ठिकाणी एकदम पाहायचं : एक जागा पुढच्या बाजूच्या पॅकेजिंग संकेतावर (विषाणूचा आरएनए नव्या कणात भरण्याच्या खुणेवर), दुसरी सुमारे ७,००० अक्षरं पुढे एन्व्ह जनुकात. दोन्ही सापडल्या तर तो प्रोव्हायरस बहुधा अखंड. एन्व्हच्या जागी ॲपोबेकने बिघडवलेल्या, म्हणजे अतिउत्परिवर्तित, प्रतींना अडवणारा एक बिनरंगी प्रोबही ठेवलेला असतो. "बहुधा" हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण मधल्या भागात काय मोडलं आहे ते ही चाचणी पाहत नाही.

चौथी मोजणी पेशीतल्या आरएनएची. साठा किती, यापेक्षा त्यातला किती भाग कुजबुजतो आहे, हे त्यातून कळतं. प्रश्न वेगळा, म्हणून तिची तुलना डीएनएच्या आकड्याशी करत बसू नका.

नवख्याने सुरुवात एकूण डीएनएने करावी आणि तिथे हात बसला की अखंड प्रोव्हायरसकडे वळावं, असं माझं मत. पुढच्या पायऱ्या या दोन्हींना लागू आहेत.

पायरी दुसरी : रक्त

ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब घ्या. हेपॅरिन पीसीआरला अडवतं. पेशी नीट धुतल्या तर बहुतेक वेळा निभावतं, पण उगीच डोक्याला ताप कशाला. रक्त खोलीच्या तापमानाला ठेवा, फ्रिजमध्ये नको, आणि शक्यतो त्याच दिवशी काही तासांत कामाला घ्या. रात्रभर पडून राहिलेल्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फिकॉलवर, म्हणजे पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर, जमणाऱ्या आपल्या पेशींच्या थरात मिसळू लागतात. त्यांच्यात विषाणू नसतो, डीएनए मात्र असतो. छेद (तपासलेल्या पेशींची संख्या) फुगतो, आकडा घटतो, आणि प्रकल्प चालवणाऱ्याला वाटतं की औषध लागू पडलं.

व्हायरल लोड शून्यवत असला तरी हे रक्त लागण करू शकणारं धरूनच हाताळा. जैवसुरक्षा कपाट, हातमोजे, आणि सुईचं टोपण परत लावायचं नाही. टोचलंच तर काम तिथेच सोडून डॉक्टरांकडे जा. प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांनंतर ती सुरू करण्यात अर्थ उरत नाही. वाढ चाचणी करायची असेल तर सुरक्षेची पातळी याहून वरची लागते, कारण तिथे तुम्ही विषाणू मुद्दाम वाढवत असता.

पायरी तिसरी : पेशी वेगळ्या करा

रक्तात तेवढंच पीबीएस (क्षारद्रव) मिसळा आणि १.०७७ घनतेच्या फिकॉलवर हलक्या हाताने, ट्यूब तिरपी धरून ओता. ४०० जी, ३० मिनिटं, खोलीचं तापमान, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. हा ब्रेक प्रत्येकजण एकदा तरी विसरतो. थर विस्कटले तर सगळं गोळा करून, धुऊन पुन्हा फिकॉलवर चढवता येतं, त्यामुळे घाबरून सिंकमध्ये ओतू नका.

पिवळसर द्रव आणि फिकॉल यांच्या मध्ये पांढुरकं कडं दिसेल, ते अलगद उचला. दोनदा धुवा, त्यातली एक फेरी कमी वेगाची ठेवा म्हणजे प्लेटलेट वर राहून निघून जातील. एक मिलिलिटर रक्तातून साधारण दहा लाख पेशी हाती लागतात. ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगाने) मोजा आणि वहीत लिहा, पण त्या आकड्यावर फार प्रेम करू नका. तो पुढे बदलणार आहे.

लगेच डीएनए काढायचा नसेल तर पेशी डीएमएसओ घातलेल्या माध्यमात, मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. डीएनएपुरतंच काम असेल तर कोरडं पेलेट उणे ८० ला ठेवलं तरी चालतं. मी मोठं काम चालू असताना दोन्ही ठेवतो.

पायरी चौथी : सीडी४ पेशी निवडा

ही पायरी गाळायचा मोह होतो. गाळली तर उत्तर "दहा लाख पीबीएमसीमागे", म्हणजे फिकॉलवरून मिळालेल्या सगळ्या पेशींमागे, येईल. एकाच माणसाची पुढच्या भेटीशी तुलना करायची असेल, आणि विशेषतः उपचार नुकतेच सुरू झाले असतील, तर हे फसवं ठरतं. एआरटीनंतर सीडी४ पेशींचं प्रमाण वाढत जातं, त्यामुळे संसर्ग झालेल्या पेशी आणि इतर पेशी यांचं गुणोत्तर आपोआप हलतं. चुंबकी मण्यांनी नको असलेल्या पेशी काढून टाकायच्या आणि सीडी४ पेशी न स्पर्शता शिल्लक ठेवायच्या, ही पद्धत सर्वांत बरी. निवडीनंतर थोड्या पेशी फ्लो सायटोमेट्रीला देऊन शुद्धता तपासा. ९५ टक्क्यांच्या खाली आली तर ती नोंदवा आणि हिशेबात धरा.

पायरी पाचवी : डीएनए काढा, पण मारहाण न करता

एकूण डीएनएसाठी कुठलंही भरवशाचं किट चालतं. त्यासाठी काही जण पेशींचा डीएनए रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापूनही घेतात, म्हणजे तो चिकट राहत नाही आणि सातव्या पायरीतले थेंब नीट पडतात. तोच एन्झाइम सवयीने आयपीडीएच्या ट्यूबमध्ये गेला तर? दोन जागांमधला दुवा तुटतो, आणि प्रत्येक अखंड प्रोव्हायरस दोन अर्धवट प्रोव्हायरस म्हणून मोजला जातो.

एन्झाइम नसला तरी डीएनए तुटतोच. व्हॉर्टेक्स, बारीक टोकाचं पिपेट, वारंवार गोठवणं-वितळवणं, प्रत्येकाचा वाटा असतो. ७,००० अक्षरांच्या अंतरात, सगळी काळजी घेऊनही, सुमारे एक तृतीयांश रेणू तुटलेले मिळणं नेहमीचं आहे. म्हणून पेशीच्या स्वतःच्या आरपीपी३० जनुकावर तितक्याच अंतराने दोन जागा मोजतात. तिथे सगळे रेणू मुळात जोडलेलेच असतात, त्यामुळे जे सुटे दिसतात ते तुमच्या हातून तुटलेले. हे प्रमाण म्हणजे तुटीचा निर्देशांक. तो ४० टक्क्यांच्या वर जाऊ लागला की आठव्या पायरीतल्या दुरुस्तीच्या सूत्रावर भरवसा ठेवण्याऐवजी डीएनए काढण्याची पद्धत तपासा. व्हॉर्टेक्सऐवजी ट्यूब उलटसुलट करा, रुंद तोंडाच्या टिप वापरा आणि डीएनए लहान लहान वाटण्यांत साठवा.

पायरी सहावी : कंट्रोल, आणि शेजारचं टेबल

पाण्याचा कंट्रोल सगळेच ठेवतात. तो पुरेसा नाही. एचआयव्ही नसलेल्या दात्याचा डीएनए, तेवढ्याच वजनाचा, तितक्याच वेलमध्ये लावा. खोटे पॉझिटिव्ह थेंब बरेचदा डीएनएच्या गर्दीतून येतात, पाण्यातून ते दिसतच नाहीत.

पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी ८ई५ ही पेशीरेषा फार वापरली जाते, कारण प्रत्येक पेशीत एक प्रोव्हायरस असतो असं मानलं जातं. पण ही रेषा वाढवत राहिलं की काही पेशी तो प्रोव्हायरस हरवून बसतात. म्हणून दर नव्या खेपेला प्रति पेशी किती प्रती उरल्या आहेत ते स्वतः मोजा, नाहीतर तुमची फूटपट्टीच आखूड झालेली असेल.

आता शेजारच्या टेबलाविषयी. एका प्रयोगशाळेत आमच्या निरोगी दात्याच्या वेलमध्ये दोन आठवडे अधूनमधून पॉझिटिव्ह थेंब येत होते. प्रायमर बदलले, पाणी बदललं, पिपेट उघडून धुतले. शेवटी कळलं की त्याच खोलीत कुणीतरी लेंटिव्हायरल व्हेक्टर तयार करत होतं. ही व्हेक्टर एचआयव्हीपासूनच बनवलेली असतात. त्यांच्यावर पॅकेजिंग संकेत असतो, आणि एन्व्हमधला आरआरई नावाचा तुकडाही. आपण ज्या दोन जागा शोधतो, नेमक्या त्याच. तेव्हापासून मास्टर मिक्स वेगळ्या खोलीत करतो आणि त्या खोलीत प्लाझमिड येऊ देत नाही.

पायरी सातवी : थेंब पाडा

साधा रिअल-टाइम पीसीआर चालतो, पण त्याला प्रमाण वक्र लागतो. डिजिटल ड्रॉपलेट पीसीआरला तो लागत नाही. २० मायक्रोलिटर मिश्रणाचे जवळजवळ २०,००० थेंब करायचे, प्रत्येकात स्वतंत्र पीसीआर होतो, आणि शेवटी चमकणारे थेंब मोजायचे.

नवख्यांची इथे एक चूक ठरलेली. एका वेलमध्ये ६६० नॅनोग्रॅम डीएनए घातला, तर तो जवळपास एक लाख पेशींचा. एका मानवी पेशीत ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, या हिशेबाने. विषाणूच्या मोजणीला हे प्रमाण योग्यच आहे. पण त्याच वेलमध्ये आरपीपी३० मोजायला गेलात तर? प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती, म्हणजे दोन लाख प्रती वीस हजार थेंबांत. थेंबामागे सरासरी दहा. एकही थेंब काळा राहणार नाही, आणि काळ्या थेंबांशिवाय पॉइसनचं गणित (थेंबांत रेणू योगायोगाने कसे वाटले जातात त्याचं) चालत नाही. म्हणून आरपीपी३० च्या वेलमध्ये तोच डीएनए शंभर पट पातळ करून घाला. मग दहातला साधारण एक थेंब चमकेल आणि मोजणी स्वच्छ मिळेल. पातळ करताना पिपेटची जी चूक होते ती थेट अंतिम आकड्यात उतरते, तेव्हा ही पायरी दोनदा स्वतंत्रपणे करा.

ज्या वेलमध्ये दहा हजारांपेक्षा कमी थेंब वाचले गेले, तो टाकून द्या. थ्रेशोल्ड (कोणता थेंब चमकलेला धरायचा ती सीमा) सॅम्पल पाहून ठरवू नका. कंट्रोल पाहून ठरवा आणि मग पूर्ण प्लेटला तोच लावा. एका माणसाच्या सगळ्या भेटी एकाच प्लेटवर घ्या. प्लेट-प्लेटमधला फरक खऱ्या बदलाहून मोठा असू शकतो.

पायरी आठवी : गणित

एक कल्पित उदाहरण घेऊ. चार वेल, प्रत्येकी एक लाख पेशींचा डीएनए. घातल्या चार लाख पेशी. पण प्रत्येक वेलमध्ये १५,००० थेंबच वाचले गेले. एक थेंब सुमारे ०.८५ नॅनोलिटरचा, म्हणजे २० पैकी जेमतेम १३ मायक्रोलिटर द्रव यंत्राने पाहिला. तर पाहिलेल्या पेशी चार लाख नाहीत, अडीच लाख आहेत. छेदात हीच संख्या जाते, आणि ती हिमोसायटोमीटरवरून (ट्रायपॅन ब्लूने पेशी मोजायच्या काचपट्टीवरून) घ्यायची नाही, आरपीपी३० वरून घ्यायची. म्हणूनच मघाशी म्हटलं की वहीतल्या पेशीसंख्येवर प्रेम करू नका.

गॅगच्या रनमध्ये चारही वेल मिळून ७५ थेंब चमकले. ७५ भागिले अडीच लाख, म्हणजे दहा लाख पेशींमागे ३००.

आयपीडीएच्या रनमध्ये, तितक्याच पेशींत, दोन्ही रंगांत चमकणारे थेंब आठ. तुटीचा निर्देशांक ०.३६, म्हणजे ०.६४ रेणूच अभंग राहिले. आठ भागिले ०.६४, साडेबारा. अडीच लाखांत साडेबारा, म्हणजे दहा लाखांमागे ५०.

इथपर्यंत सगळेच येतात. पण "५०" या आकड्यामागे फक्त आठ थेंब उभे आहेत. आठच्या मोजणीची ९५ टक्के मर्यादा, पॉइसनच्या हिशेबाने, साधारण तीन ते सोळा अशी आहे. पुढच्या भेटीत पाच थेंब आले तर साठा घटला असं म्हणता येणार नाही, आणि अकरा आले तर वाढला असंही नाही. अखंड प्रोव्हायरस उपचारावर मुळातच सावकाश घटतात, सुरुवातीच्या काही वर्षांत निम्मे व्हायला चार-एक वर्षं लागतात. सहा महिन्यांतला बदल पकडायचा असेल तर चार वेल अपुरे. आठ करा, सोळा करा. जादा वेलचा खर्च मला नेहमी जादा भेटींपेक्षा शहाणपणाचा वाटला आहे.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. एखाद्या माणसात पॅकेजिंग संकेताचे थेंब भरपूर आणि एन्व्हचे शून्य, किंवा उलट, असं आलं तर आनंदून जाऊ नका. बहुधा त्याच्या विषाणूच्या क्रमात प्रायमर किंवा प्रोबच्या जागी अक्षर बदललेलं आहे. मूळ चाचणी एचआयव्हीच्या उपप्रकार बी साठी बेतलेली होती. जगातल्या एचआयव्हीबाधितांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये उपप्रकार सी आहे, आणि त्याच्यासाठी बदललेले प्रायमर लागतात. अशा सॅम्पलचा क्रम वाचून घ्या. "चाचणी लागू नाही" हाही निकालच आहे.

पायरी नववी : शून्य कसं लिहायचं

एकही थेंब चमकला नाही, तर रिपोर्टमध्ये "शून्य" लिहू नका. तुमच्या पाहण्यात सरासरी तीन प्रती येणार असतील, तरीही शंभरातल्या पाच वेळा एकही सापडणार नाही. म्हणून शून्य मोजणीची वरची मर्यादा तीन धरतात. अडीच लाख पेशी पाहिल्या असतील तर उत्तर "दहा लाखांमागे १२ पेक्षा कमी". अखंड प्रोव्हायरसच्या बाबतीत तूट धरली तर "१९ पेक्षा कमी". मागच्या भेटीत त्याच माणसाचा आकडा १५ होता? मग हे शून्य काहीच सांगत नाही.

बॉस्टनच्या दोन रुग्णांची गोष्ट याच कारणासाठी नवख्यांना सांगतो. कॅन्सरसाठी मूळपेशी रोपण झाल्यावर त्यांच्या रक्तपेशींत एचआयव्हीचा डीएनए सापडेनासा झाला. २०१३ मध्ये औषधं थांबवली गेली, आणि एकात १२ आठवड्यांनी, दुसऱ्यात ३२ आठवड्यांनी विषाणू परतला. मिसिसिपीतलं, जन्मतःच एचआयव्ही असलेलं बाळ दोन वर्षांहून अधिक काळ औषधाविना राहिलं आणि २०१४ मध्ये त्याच्याही रक्तात विषाणू दिसला. मोजणाऱ्यांनी चूक केली नव्हती. शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी दोनेक टक्केच रक्तात असतात. बाकीच्या लसीकाग्रंथींत आणि आतड्याच्या भिंतीत, आणि तिथे ट्यूब पोचत नाही. याउलट औषधाविना विषाणू ताब्यात ठेवणाऱ्या एका व्यक्तीच्या दीड अब्जाहून अधिक रक्तपेशी तपासूनही अखंड प्रोव्हायरस मिळाला नाही, तेव्हा २०२० मध्ये लिहिणाऱ्यांनी ती दीड अब्ज ही संख्याच पुढे ठेवली.

तेव्हा रिपोर्टच्या प्रत्येक ओळीत चार रकाने ठेवा : चमकलेले थेंब, पाहिलेल्या पेशी, तुटीचा निर्देशांक, आणि दहा लाख सीडी४ पेशींमागचा आकडा त्याच्या मर्यादांसह. सरासऱ्या काढण्याआधी लॉग घ्या. आणि ज्याचं रक्त आहे त्या माणसाने विचारलं, "माझा आकडा किती?", तर आकडा सांगण्याआधी एवढं सांगा, की तो पाहून गोळ्या थांबवायच्या नाहीत. मग उरलेल्या डीएनएच्या वाटणीवर तारीख आणि आरपीपी३० ची मोजणी लिहून ती उणे ८० ला परत ठेवा. वर्षभराने त्याच माणसाची पुढची ट्यूब येईल, तेव्हा ती त्याच प्लेटवर लागेल.